सुट्टीचा पगार आणि माझा उजवा हात

४ मार्च, मंगळवार
बुसानमध्ये न्याय उरला नाही. तक मावशीच्या वामीच्या, म्हणजे त्या सापासारख्या माशाच्या, खानावळीत आज कामाचा पहिला दिवस. आठवड्याला चार दिवस, सोळा तास. आठवडी सुट्टीच्या दिवसाच्या पगाराचं विचारलं, तर म्हणे पार्ट-टाइमवाल्यांना कसली आलीय सुट्टी! मी म्हटलं, कायदा आहे, बाई! रागाच्या भरात सोलायच्या वामीचं डोकं खिळ्याने फळीवर असं ठोकलं की फळीच दुभंगली. घरी बायकोला, मिरानला, शब्द दिला: महिनाअखेर एक-एक पैसा आणतो. ती म्हणाली, नाही आणलास तर पोरीला घेऊन आईकडे मिरयांगला चालले. आणणारच!

६ मार्च, गुरुवार
कामावर गेलो नाही. निषेध. घरी हिशेब केला. पूर्णवेळ माणसाला सुट्टीच्या दिवसाचे आठ तासांचे पैसे मिळतात, म्हणजे मलाही आठ. उशीवर ठोशांचा सराव. उशी फाटली. तीच मिरानने माझ्या तोंडावर हाणली.

११ मार्च, मंगळवार
मागणी ठेवली. मावशीचा जावई पिल्हो फिदीफिदी हसला. म्हणाला, सांगदू-दादा, चाळीस तासांना आठ, तर सोळांना तीन तास बारा मिनिटं; तू काय एकटाच अडीच माणसं आहेस का? मी त्याची कॉलर धरली. पुढचं नीट आठवत नाही. त्याचा गुडघा तेवढा आठवतो.

१३ मार्च, गुरुवार
पोट दुखतंय. दांडी. हा डावपेच आहे: मी नसलो की किंमत कळेल. तसा तीन तास बारा मिनिटांवर राजी आहे. मन मोठं आहे माझं.

२१ मार्च, शुक्रवार, दुपारी
आज आर या पार. पिल्होचा जबडा, मग मावशीची माफी, मग पगार. याच क्रमाने.

संध्याकाळी
हॉस्पिटल. डाव्या हाताने लिहितोय. ठोसा अचूक होता. पिल्हो ऐन वेळी खाली वाकला, हा भ्याडपणा. मागे लोखंडी दार. मग वामींच्या बुळबुळीत पाण्यावर पाय सटकला आणि मावशीने सूप ढवळायच्या डावाने टाळक्यात टोले घातले. मोजले नाहीत.

२२ मार्च, शनिवार
कामाचा दिवस, पण प्लास्टर. मावशी आणि पिल्हो सूप घेऊन आले. मावशी म्हणाली, कामगार कार्यालयात विचारून आले, चूक माझीच होती. पार्ट-टाइमवाल्यालाही सुट्टीचा पगार द्यायचा असतो, तासांच्या हिशेबाने. मी पिल्होकडे विजयी नजरेने पाहिलं (उजव्या डोळ्याने, डावा उघडत नाही). मग मावशी म्हणाली, पण ज्या आठवड्यात एकही दांडी नाही, फक्त त्याच आठवड्याचा. असा तुझा एक तरी आठवडा दाखव, बाबा.

मी डाव्या हाताने ही डायरी पहिल्या पानापर्यंत उलटी चाळली.

खाटेशी बसलेली मिरान उठली. मला वाटलं, निघाली मिरयांगला. पण ती मावशीला म्हणाली, मंगळवारपासून याच्या जागी मी येते, दांडी मारणार नाही. मावशीने विचारलं, वामी ठोकायला जमेल का पोरी? मिरानने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, हात शिवशिवतायत.