थोरलीचं नाक

१२ जानेवारी, सोमवार

दाजींचा हात झटकला. काल, प्रदर्शनात, चारचौघांसमोर.

झटकला म्हणजे फटका मारून नव्हे. मनगट धरून बाजूला केलं आणि लहान मुलाला सांगतात तसं म्हणालो, "दाजी, हात नाही लावायचा." दाजी एकाहत्तर वर्षांचे आहेत. ताईशी लग्न होऊन सेहेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांच्याशी या सुरात कधी बोललो नव्हतो.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते म्हणत होते, तुझ्या त्या जुन्या गाड्या एकदा दाखव. मी मूळ स्थितीतल्या गाड्यांचा परीक्षक, छातीवर बिल्ला — आत नेणं सोपं. जुन्या गाड्या जमवणाऱ्या गिरणीवाल्यांच्या तिन्ही गाड्या एका रांगेत होत्या. ते त्यांना लेकींसारखं बोलावतात. धाकटी पोर्शे, मधली लान्चिया, आणि थोरली म्हणजे ती एकसष्ट सालची लाल इटालियन, हाताने घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या अंगाची. दाजी इकडेतिकडे न बघता थेट थोरलीपाशी गेले. खिशातून रुमाल काढला, तळव्याखाली धरला आणि तिच्या नाकाकडे हात नेला. तेवढ्यात मी!

गिरणीवाल्यांनी विचारलं, कोण हे? माझे मेहुणे, म्हटलं, पत्राकामाचं गॅरेज आहे त्यांचं. तिथे थांबायला हवं होतं. पण वर म्हणालो, "गाडी दिसली की कुठे ठोकायची ते बघतात, सवयच आहे." सगळे हसले. दाजीही हसले. रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

थोरलीला पहिल्या क्रमांकाचा कप मिळाला. मीच दिला.

१३ जानेवारी, मंगळवार

ही म्हणाली, एक फोन करून टाका ना त्यांना. करतो म्हटलं. केला नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

पेपरचं सदर वेळेवर दिलं. एकतीस वर्षांत एक गुरुवार चुकलेला नाही. आठशे शब्द, थोरलीवर.

मजा येत होती लिहिताना, हे कबूल करतो. बाराव्या वर्षी न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर अशीच एक लाल गाडी पाहिली होती. केस कापून झाले तरी उठेना, तेव्हा न्हाव्याने पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, थांबा जरा, याचं लग्न ठरतंय. तेव्हापासून जमवलेली कात्रणं, मासिकं, इंजिनांचे आवाज भरलेल्या कॅसेट या कपाटात आहेत. स्वतःची अशी गाडी नाही, कधी होणारही नाही. आयुष्यात चार वेळा चालवायला मिळाली. चारही तारखा पाठ आहेत.

तर लिहिलं ते असं. थोरलीचं बॉनेट उघडून आतून उजेड टाका. हातोडीचे घाव माशाच्या खवल्यांसारखे एकाशेजारी एक बसलेत. नाकाची डावी बाजू उजवीपेक्षा करंगळीभर खाली आहे. यंत्राने ती चूक झाली नसती. ती मूळ कारागिराची सही आहे. आणि शेवट: "हे शिकवून येत नाही. आपल्याकडचा पत्रेवाला ठोकतो, तिकडचा घडवतो."

ते वाक्य लिहिल्यावर चहा घेतला. बरं वाटलं!

१८ जानेवारी, रविवार

हे सावकाश लिहायला हवं.

सदर आज छापून आलं. दर रविवारप्रमाणे ताईकडे गेलो. मागच्या अंगणात दाजी खुर्चीवर बसले होते. नवा चष्मा अजून आलेला नाही म्हणून ताई त्यांना वाचून दाखवत होती. मी मागच्या दारात आलो, दारावरच्या वाकड्या पत्र्याच्या सावलीत चपला काढल्या, तेव्हा ती नेमकी शेवटावर होती. "आपल्याकडचा पत्रेवाला ठोकतो..." मला बघून थांबली. दाजी म्हणाले, "वाच ना, पुढे काय?" तिने वाचलं.

"झकास," दाजी म्हणाले. एवढंच.

मी चहाचा कप नेहमीसारखा अंगणातल्या पाण्याच्या पंपाच्या झाकणावर ठेवला. तो नेहमीसारखा घसरला. नेहमीसारखा पकडला. गेली अकरा वर्षं त्या झाकणावर मी कप ठेवतो आणि घसरला की पकडतो. ताई हसते, म्हणते, तू काही शिकायचा नाहीस. झाकणाला मधोमध एक लांबट भोक आहे, त्यात मांजर बसतं. आज मांजर उठलं आणि ते भोक मला दिसलं.

लांबट, वरचा ओठ जरा चिमटलेला. सदरात मी ज्याचं वर्णन केलं तेच, थोरलीचं तोंड. रेडिएटरच्या जाळीची जागा!

कप खाली ठेवला. झाकण उचलून उलटं केलं. आत गंजलेल्या स्क्रूभोवती लाल रंग. एक बाजू पार चेपलेली. आणि खवले. माशाचे.

"दाजी, हे कुठलं?"

"डॉक्टरांच्या गाडीचं नाक. तीच रे, आता गिरणीवाल्यांकडे गेली ती. नाक चेंदामेंदा झालं होतं, मी नवीन केलं. हे जुनं टाकवेना, म्हणून पंपावर घातलं. पावसाचं बरं पडतं."

आज वारा सुटलाय म्हणावं तसं म्हणाले.

ताई पातेलं घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. तिला माहीत होतं. वाचताना प्रत्येक ओळीला माहीत होतं.

१९ जानेवारी, सोमवार

ज्यावर कप ठेवला ते नाक खरं. ज्याला कप दिला ते दाजींचं. हे वाक्य सुचल्यावर पहिला विचार आला — छान आहे, सदरात चालेल. स्वतःचीच शिसारी आली.

२१ जानेवारी, बुधवार

आज गॅरेजवर गेलो. वही घेऊन. दाजींना बरं वाटेल असं वाटलं. खरं तर वही हातात असली की मला बरं वाटतं.

दारातच माझं सदर चिकटवलेलं. दाजींनी स्वतः लावलंय. गिऱ्हाइकांना दाखवतात, हा आमचा मेहुणा, लेखक. ते मला नेहमीच लेखक म्हणतात. पूर्वी मला वाटायचं, थट्टा करतात.

विचारत गेलो, ते सांगत गेले. डॉक्टर कशी चालवायचे? "ऑपरेशन केल्यासारखी. कुठेतरी कापल्याशिवाय उतरायचे नाहीत." अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ती दगडी कठड्यावर घातली. परदेशातून भाग यायला वर्ष लागलं असतं. डॉक्टरांनी कोणाला न सांगायच्या अटीवर काम दिलं. दाजींकडे नकाशा नाही, माप नाही. वाळूची पिशवी, लाकडी मोगरी, हातोड्या. चेपलेल्या नाकाची उजवी बाजू शाबूत होती. तिच्यावर तीन आठवडे नुसता हात फिरवला, तळव्याखाली रुमाल धरून. का? "उघडा हात पत्र्याला चिकटतो. रुमालाखाली हात सरकतो, मग उंचवटा कळतो. डोळ्याला फसवता येतं, याला नाही." आणि तळवा पुढे केला. तोच, प्रदर्शनात झटकलेला.

मी विचारलं, आणि ती डावी बाजू करंगळीभर खाली?

"मूळ नाकात तशीच होती, डावीकडची वरची कड वाचली होती, तिच्यावरून कळलं. करणाऱ्याची नजर त्या दिवशी चुकली असेल. त्याची चूक आपण कशाला सुधारायची? काम त्याचं. मीही तेवढंच खाली ठेवलं."

सही म्हणालो होतो मी तिला.

मला सांगितलं का नाही, हे विचारायला जीभ रेटेना, तरी विचारलं. म्हणाले, "डॉक्टर होते तोवर शब्द दिलेला. ते गेल्यावर... तू कधी विचारलंच नाहीस. तुम्ही लोक गाडीबद्दल विचारत नाही, सांगता."

माफी मागायला गेलो होतो. चार पानं नोंदी घेऊन आलो. निघताना घड्याळ पाहिलं, साडेपाचची बस होती.

२२ जानेवारी, गुरुवार

सदर दिलं. विषय: जुन्या टायरांची निगा. आठशे शब्द. वेळेवर.

२५ जानेवारी, रविवार

ताईकडे गेलो नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. ताईने निरोप पाठवला, "टायरांचं वाचलं. छान लिहिलंस." याहून तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं.

२६ जानेवारी, सोमवार

हिशोबी मनाने बाजू मांडून पाहिल्या. खरं छापलं तर गिरणीवाल्यांचा कप जाणार. परीक्षक म्हणून माझा बिल्ला जाणार. लोक म्हणणार, एकतीस वर्षं काय शिकला हा? नाही छापलं तर काय? काहीच नाही. दाजी एक शब्द बोलणार नाहीत. त्यांच्या दारात मात्र तो कागद राहणार — पत्रेवाला ठोकतो.

त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते दुसऱ्याचं आहे असं मी माझ्या नावानिशी छापलंय.

२७ जानेवारी, मंगळवार

गिरणीवाल्यांकडे गेलो. छापायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी ती डॉक्टरांच्या मुलाकडून घेतली, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगताना मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

गिरणीवाले म्हणाले, "म्हणजे थोरलीचं नाक सावत्र." आणि मग, "पण तुमची खात्री होती ना? तुम्ही बॅटरी घेऊन आत शिरला होतात."

होती म्हटलं.

कप प्रदर्शन भरवणाऱ्या संघाकडे परत पाठवायचा की माझ्याकडे, एवढं विचारलं. रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "ते तुमचे मेहुणे, ज्यांना आपण हसलो, तेच ना?" आपण म्हणाले. हसवलं मी होतं. "त्यांना शनिवारी घेऊन या. मधलीचा दरवाजा बसत नाहीये."

२९ जानेवारी, गुरुवार

लिहिलं. संपादक म्हणाले, दुरुस्ती दोन ओळींची असते, ही आठशे शब्दांची आहे. चूक आठशे शब्दांची होती, म्हटलं. छापतो म्हणाले. परीक्षकपदाचा राजीनामाही टाकला.

सगळं लिहिलंय. झटकलेला हात, पंपाचं झाकण, ते वाक्य. दाजींना विचारून त्यांचं नाव आणि गॅरेजचा पत्ताही. फार गळा काढल्यासारखं होऊ नये म्हणून शेवटी थोडा तोल साधला, कारण नुसती स्तुती कोणी खरी मानत नाही. लिहिलं: "अर्थात मूळ ते मूळ. थोरलीच्या मागच्या भागाची ती खाली उतरत जाणारी कड पाहा. नाक उत्तम नक्कल आहे. पण मागे मूळ हात दिसतो, आणि जाणत्या नजरेला फरक कळतो."

वाटलं, हे नि:पक्षपाती झालं. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

३१ जानेवारी, शनिवार

दाजींना घेऊन गेलो. गिरणीवाल्यांनी स्वतः दार उघडलं, "या, थोरलीचे डॉक्टर या," म्हणाले. दाजी लाजले.

रुमाल काढला. नाकावर हात ठेवला. डोळे मिटले — ज्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं तेच! आम्ही दोघं बाजूला उभे. मग हळूहळू दारावरून, मडगार्डवरून हात फिरवत मागे गेले. मागच्या कडेवर बराच वेळ थांबले. मी जवळ जाऊन म्हटलं, "हे तिकडचं, दाजी. फरक लागतो ना हाताला?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा नवा, डोळे मोठे दिसतात.

"बरं केलंय," म्हणाले.

मग मधलीचा दरवाजा बसवला. वीस मिनिटांत.

१ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं. सकाळपासून फोन. बहुतेकांनी धीराचं कौतुक केलं. संघाच्या अध्यक्षांनी केलं नाही. संध्याकाळी ताईकडे जायचं मनात होतं, पण फोन थांबेनात. कौतुक ऐकत बसलो. गोड लागत होतं, लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ताईचा फोन. म्हणाली, ह्यांनी सांगू नको म्हटलंय, पण मला राहवत नाही. डॉक्टरांनी गाडीचं नाक ठोकलं, तशी त्याआधी नऊ वर्षं तिची मागची बाजूही ठोकली होती. ते तू विचारलं नाहीस. हे म्हणाले, जाऊ दे, त्याला बस पकडायची होती.

मग तिने विचारलं, "आमच्या मागच्या दारावर तो वाकडा पत्रा आहे ना, ज्याच्या सावलीत तू चपला काढतोस — तो कुठला असेल असं वाटलं तुला?"