गुडघ्याच्या तेलाचं सॅलड ड्रेसिंग

पलूस, रविवार

ती. मुकुलदादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे क्षमाचा, नमस्कार. साताऱ्यात सगळे खुशाल असालच. तुझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. वल्लरीवहिनी फोडणीच्या तेलाचा थेंब पोटात जाऊ देत नाहीत, म्हणजे ती उत्तमच असणार. (माझी कशी आहे हे काल तू विचारलं नाहीस, म्हणून कळवत नाही.)

काल भाऊबीजेला जे झालं ते माझ्या बाजूनं लिहिते. वहिनींनी आधीच मासिकातलं कात्रण पाठवलं होतं, आम्ही दुपारी फक्त सॅलड घेतो, ड्रेसिंग घरीच करा म्हणून. वर्षातून एकदा येणारा भाऊ, म्हणून मी भरल्या वांग्यांचा बेत मोडला आणि काकड्या चिरायला बसले. आमच्याकडं कोशिंबिरीला कूट आणि फोडणी; कच्चं तेल फक्त केसांना. तरी केलं. व्हिनेगर मिळालं नाही, लिंबू पिळलं. मस्टर्ड लिहिलं होतं, मोहरी फेसली. (फेसताना डोळ्यांतून पाणी आलं ते मोहरीमुळंच, असं समज.) ऐन वेळी बघते तर तेलाचा डबा रिकामा. दुकानात निघाले, तर सासूबाई दारात आडव्या. "अगं, शनवारी त्याल इकत आणत्यात व्हय? माझं तिळाचं घे की. लय चांगलं हाय." म्हातारीनं मायेनं कपाटातली बाटली काढून दिली. मला सर्दी, वास येईना. सगळी ओतली.

वहिनींना भूक निघत नाही, म्हणून ओवाळण्याआधीच पानं वाढली. तेलात गुडघ्यांसाठी कापूर विरघळवलेला आहे, हे सासूबाईंना आठवलं ते वहिनींनी पहिला घास थुंकल्यावर. सासूबाई हात जोडून माफी मागत होत्या, दादा. वहिनींनी डोकं धरलं, तू म्हणालास, कराडला काहीतरी खाऊ, आणि गाडी काढलीस. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, निरांजनात वात घातलेली. ओवाळून घ्यायला असा किती वेळ लागतो? माझ्या वांग्यांचा तवंग भाकरीनं पुसून खाणारा तू, काल मागं वळूनही बघितलं नाहीस. मला फार लागलं. यापुढं भाऊबीजेला यायची तसदी घेऊ नकोस.

तुझी,
क्षमा

ता. क. : उरलेलं ड्रेसिंग सासूबाईंनी गुडघ्यांना चोळलं. मोहरीनं आग झाली, पण आज जिना चढल्या. वहिनींकडं असलीच आणखी कात्रणं असतील तर त्या मागतात.

आणखी एक : तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, असं सासूबाईंचं म्हणणं. शनिवार सोडून कधीही ये. तेल आज आणलं आहे. वांगीही. पाट मी उचललेला नाही.