भीतीचे मार्क

सिस्टर, तुम्ही गेलात त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सांगण्यासारखं मधे बरंच घडलं, पण हे सांगायची हिंमत आज होतेय, आणि तीही तुम्ही वाचणार नाही म्हणून. मी आता बाळंतपणं करत नाही. हसू नका, मी बाळंतपणाची भीती मोजते. एका संस्थेच्या पाहणीसाठी शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या गरोदर बायकांच्या घरी जायचं, टॅबवरचे प्रश्न वाचून दाखवायचे आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहामधला एक आकडा लिहून घ्यायचा. शून्य म्हणजे अजिबात भीती नाही, दहा म्हणजे जीव जाईल इतकी. परीक्षेसारखीच बेरीज होते. ती ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की त्या बाईला भेटायला समुपदेशक मॅडम जातात, खाली राहिली की आभार मानून उठायचं. मधे आपण एक शब्द बोलायचा नाही, धीरसुद्धा द्यायचा नाही, कारण धीर दिला की आकडा बदलतो. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मला तुमचीच आठवण आली, आणि तुम्ही इथे नाही याचं बरंही वाटलं.

मिशनच्या दवाखान्यात पहिल्याच महिन्यात तुमची बोलणी खाल्ली होती मी. खिडकीशेजारच्या खाटेवर एक पहिलटकरीण कळा देत होती आणि मी तिच्या कपाळावरून हात फिरवत "घाबरू नका, घाबरू नका" असा जप लावला होता. तुम्ही मला व्हरांड्यात बोलावलंत. "घाबरू नका म्हणायला तुझं काय जातंय गं? ती घाबरलीय. कशाला घाबरलीस ते आधी इचार तिला. आन् उत्तर येईपर्यंत तिथनं हलायचं न्हाई." सगळ्यांसमोर बोलला नाहीत, तरी मी ढसाढसा रडले. दुपारी तुम्ही मला चर्चमागच्या तुमच्या क्वार्टरवर नेलंत, स्टोव्हवर पिठलं टाकलंत, आणि मी जेवत असताना पाठ फिरवूनच म्हणालात, "बाया तोंडानं खोटं बोलत्यात, पायानं न्हाई. भ्यालेल्या बाईच्या पायाची बोटं आखडल्याली असत्यात. तिकडं बघत जा." तेव्हापासून मी आधी पाय बघते. टॅबमध्ये मात्र बोटांसाठी रकाना नाही.

न्हावऱ्याच्या एका सुनेबद्दल लिहायचंय. सातवा महिना, पहिलीच खेप. ओटीभरण झालं होतं आणि दोन दिवसांनी ती बाळंतपणाला माहेरी, दौंडला जाणार होती. मी पोचते तेव्हा सासूबाई तिच्या पाठीला उशी लावतात, मला चहा आणून देतात आणि स्वतःही तिच्याशेजारी बसतात. मुलाखत एकांतात घ्यायची असा नियम आहे. "मावशी, थोडा वेळ बाहेर बसता का?" एवढंच म्हणायचं होतं मला. पण हातात त्यांचाच कप, आणि बाई मनानं चांगली. जीभ रेटली नाही. मी पहिला प्रश्न वाचते. सून सासूकडे बघते. "भ्यायचं काय त्यात?" सासूबाई म्हणतात. "माझी चारी घरातच झाली. लिवा शून्य." सून हसते. "व्हय, शून्यच." दुसऱ्यालाही शून्य, तिसऱ्यालाही शून्य, शेवटपर्यंत शून्य. आणि फरशीवर तिच्या पायाची बोटं अशी आखडलेली की नखं पांढरी पडलीत. शेवटी टॅब विचारतो, मुलाखत एकांतात झाली का? 'नाही' म्हटलं तर फॉर्म बाद, पुन्हा खेप. शिवाय रांजणगावची एक बाई कंपनीची बस यायच्या आत गाठायची होती. मी 'हो' दाबलं.

ती मला गोठ्यापर्यंत सोडायला आली. "ताई, दहा लिवलं तर काय करत्यात?" मी म्हटलं, एक मॅडम येतात, बोलतात. "बरं," ती म्हणाली. मग म्हशीकडे बघत म्हणाली, "माझी थोरली बहीण तिच्या टायमाला दवाखान्यात चालत गेली हुती." एवढंच. मागून सासूबाईंची हाक आली. त्या वाक्याचं पुढचं टोक ऐकायला मी थांबायला हवं होतं, सिस्टर. उत्तर येईपर्यंत हलायचं नव्हतं. मी हेल्मेट घातलं आणि स्कूटी सुरू केली.

दिवस भरल्यावर दौंडला तिनं दीड दिवस कळा लपवल्या. पोट बिघडलंय म्हणून संडासात जाऊन बसायची, तोंडात पदर कोंबायची. आईच्या लक्षात आलं तोवर पाणी जाऊन कितीतरी तास झाले होते. दवाखान्यात पोचली तेव्हा बाळाचे ठोके लागले नाहीत. ती वाचली. मला हे तिकडच्या आशाताईंनी फोनवर सांगितलं. मी ऑफिसला कळवलं की ती मुलाखत एकांतात झाली नव्हती. मला वाटलं, आता कुणीतरी खडसावेल. "असू द्या, होतं असं," म्हणाले आणि यादीतून तिचं नाव काढून टाकलं. तुमच्या व्हरांड्याची इतकी आठवण मला कधीच आली नव्हती.

नाव काढलं तेव्हा मला जायचं कारण उरलं नव्हतं. तरी पंधरा दिवसांनी गेले. रेल्वे लाइनीपलीकडचं छोटं घर. तिची आई मला बघून, न सांगताच बाहेर जाऊन बसली. आत ती भिंतीला टेकून बसली होती, दूध आटावं म्हणून छाती घट्ट बांधलेली. मी तिच्याजवळ बसले. तीच बोलली. "बहीण चालत गेली आन् चादरीत आली. मला वाटलं, तिथं न्हाई गेले तर न्हाई मरायची." मी तिचा हात धरला.

मग तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला कळलं हुतं का, मी भ्यालेय ते?"

हे पत्र मी कुठं टाकणार? तुमच्या क्वार्टरला आता कुलूप आहे, आणि ते उघडं असतं तरी मी आले नसते. मी तिला 'नाही' म्हणाले, सिस्टर. तिनं मान हलवली. "कसं कळंल?" ती म्हणाली. "मी कुणालाच कळू दिलं न्हाई. माझीच चूक हाय." ती चूक तिच्याकडेच ठेवून मी उठले.