सतराव्या पाकिटातला देवकापूस

प्रिय अनुजा,

तू पाठवलेला फॉर्म मिळाला. सावित्रीकाकीची सही घेऊन सोमवारच्या आत पाठव, त्या दिवशी कमिटी बसणार आहे, त्या कागदाशिवाय तीन वर्षांचं काम पुढे सरकणार नाही, असं तू फोनवर तीनदा सांगितलंस आणि मी तीनदा हो म्हटलं. आज बुधवार. कट्टा गावात, स्टँडसमोरच्या रसवंतीत बसून हे लिहितोय. फॉर्म पिशवीत आहे, त्यावर सहीसुद्धा आहे. समोर पोस्ट. उठून जायचं आणि टाकायचं, एवढंच काम. पण सकाळपासून दोन ग्लास रस पिऊन झाला आणि मी इथेच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू घाईत असतेस आणि मी तुझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत जातो. कागदावर तसं करता येत नाही. इथे मलाच बोलावं लागणार.

तुला आठवतं का, तू मला हे काम दिलंस तो दिवस? मी तेव्हा आपल्या नांदगाव स्टेशनवर उतरलो होतो, खरं तर जायचं होतं गोव्याला, पण डब्यात एकजण भेटला, त्याच्याशी बोलता बोलता उतरलो. ते असो. तू विदर्भातल्या कापसाच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर आली होतीस आणि मी बारावी नापास, तीन धंदे सोडलेला, तुझ्या अंगणात आंब्याच्या पेट्यांना खिळे मारत होतो. तू म्हणालीस, फिरतोसच तर कामासाठी फीर की. घरोघरच्या देवकापसाचं बी जमवून आण. मी म्हटलं, वातींच्या कापसाचं विदर्भात काय काम? तिकडे कापूस काय कमी आहे? मग तू समजावलंस. मला समजलं ते असं, की तिकडच्या शेतातल्या झाडाला बोंडं लगडतात, पण धागा आखूड. आपल्याकडे परसातल्या देवकापसाला बोंडं मोजकी, झाड मात्र वर्षानुवर्षं जगतं आणि एखाद्याचा धागा असा लांब आणि मऊ असतो की बोटाला लागतही नाही. तो लांबीचा गुण तेवढा काढून शेतातल्या झाडात घालायचा, म्हणजे बोंडंही भरपूर आणि धागाही चांगला. मी विचारलं, मग सरळ दोघांचं लग्न का लावत नाहीस? तू म्हणालीस, लग्न लावलं की सासरचं सगळंच घरात येतं, आम्हाला एकच गुण हवाय. मी हे पुढे किमान दहा जणांना स्वतःचं म्हणून सांगितलं, तुला आता सांगतो.

मी मन लावून काम केलं गो. चैत्रात सुरुवात केली. पहिली तेरा पाकिटं कुडाळपासून मालवणपर्यंतची, एकेक झाडाखाली उभं राहून, फुटलेलं बोंड स्वतः काढून, घराचं नाव, विहिरीपासून किती पावलं, सगळं लिहिलेलं. ती तेरा डोळे मिटून खरी मान. मग तारकर्लीला पोचलो आणि तिथे एका पर्यटनाच्या बोटीवर माणूस हवा होता. दोन दिवस म्हणून चढलो. लोकांना पाण्याखालचे मासे दाखवायचे, त्यांना जॅकेटं घालायची, ओकारी आली की पाठ चोळायची. त्या बोटीचं इंजिन असं होतं की... नको, तो विषय लांबेल. दोन दिवस म्हणता म्हणता मे संपला, पाऊस आला, बोट वर काढली, मी दुसरीकडे गेलो. तुझे मेसेज यायचे, उरलेली पाकिटं कधी देतोस. मी लिहायचो, चाललंय. आश्विनात परत तारकर्लीला आलो तेव्हा कुठल्याच झाडावर फुटलेलं बोंड नव्हतं. पिवळी फुलं आणि हिरवी गाठोडी. काय करणार?

तिथल्या देऊळवाडीत सावित्रीकाकीच्या पडवीत तेव्हा वाती चालल्या होत्या. तिने लाखवातींचा नवस केला होता. एक लाख वाती वळायच्या आणि त्रिपुरीला देवळात लावायच्या. एवढा कापूस एका घरचा थोडाच पुरतो? उन्हाळ्यात साठवलेला कापूस घेऊन वाडीतल्या बायका दुपारी तिथे बसायच्या, बोटांनी सरकी काढायच्या, वाती वळायच्या आणि गावातल्या प्रत्येकाची उणीदुणी काढायच्या. माझीसुद्धा, माझ्यासमोर. मला त्यांनी जेवायला बसवलं. बांगड्याचं तिखलं होतं. आणि सगळ्यांनी काढलेली सरकी एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात पडत होती. काळं, टणक बी, डबा निम्मा भरलेला.

अनुजा, चौदा ते अठरा ही पाच पाकिटं मी त्या डब्यातून भरली. मूठमूठ. वर पाच घरांची नावं लिहिली, जी तोंडावर आली ती. सतरावर सावित्रीकाकीचं. कोणाच्या दारात झाड आहे ते बघायलाही उठलो नाही.

त्यानंतर एकदा तू फोनवर म्हणाली होतीस, सतराव्या पाकिटातली रोपं एकमेकांसारखी नाहीत, हे कसं? मी म्हटलं, एका आईची पोरं सारखी असतात काय? तू हसलीस. मी पण हसलो. मग त्यातल्याच एका रोपाचा धागा तू काळ्या मखमलीवर विंचरून मला फोटो पाठवलास, केवढा लांब, जणू कुणाचे पिकलेले केस, आणि खाली लिहिलंस, मंगेश, हे तुझ्यामुळे. तो फोटो मी कुणाकुणाला दाखवला ते विचारू नकोस. बोटीवरच्या पर्यटकांनासुद्धा. मग त्याच्या पानाच्या तुकड्यातून बाटलीत रोपं केलीस, त्यातला गुण शोधून काढलास, शेतातल्या कापसात घातलास, आणि दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं. पण काम इतकं छान चाललेलं असताना मध्येच काय सांगायचं? आणि कदाचित काही फरक पडतही नसेल. झाड तर खरं आहे, धागा तर खरा आहे. नाव चुकलं म्हणून धागा आखूड होतो काय? मला हे अजून नीट कळत नाही. पण तू म्हणालीस की ज्या दारातलं झाड, त्या घराची सही, त्या घराचं नाव, आणि मूळ झाडाचं पान ताडून बघायला हवं. त्यालाही मी हो म्हटलं.

परवा सावित्रीकाकीकडे गेलो. फॉर्म दाखवला, तुझ्या दारातल्या कापसाचं मोठं नाव झालं म्हणून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“माझ्या दारात कापूस कधी होतो रे? जेवक घातलंय म्हणान माझा नाव लिवलंस काय?”

ती इतकी हसली की डोळे पुसले. मग माझं तोंड बघून म्हणाली, “सही व्हयी तर दे हकडे, करतंय. तुझा काम अडूक नको.” आणि केली. मी थांबवलं नाही. वळणदार, शाळेतल्यासारखी सही. मी घडी घालून पिशवीत ठेवली आणि निघालो, आणि फाटकापाशी पाय अडला. परत जाऊन विचारलं, मग त्या वर्षीचा कापूस कोणाकोणाचा? तिने बोटांवर मोजून पाच घरं सांगितली.

पाचही घरी जाऊन आलो. चार झाडं उभी आहेत. या खेपेला बोंडं फुटलेली आहेत. मी स्वतः काढली, पानं वेगळ्या कागदात, घराचं नाव त्या त्या घरच्या माणसाच्या हातून लिहून घेतलं, माझ्या हातावर विश्वास नको म्हणून. चारी पुडकी या पत्रासोबत आहेत. पाचवं घर शेवंतीकाकीचं. तिचं झाड मागच्या वर्षी तोडलं. मुलगा धनेश, त्याने पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि झाड बरोबर दुसऱ्या खोलीच्या मोरीत येत होतं. त्याला दोष देत नाही, तो मला म्हणाला वाती तर बाजारात पाकिटात मिळतात, आणि मिळतातच. मी खोलीमागे बी पडून एखादं रोप उगवलंय का बघितलं. फरशी घातलेली आहे.

सावित्रीकाकी म्हणते, शेवंतीचा कापूस सगळ्यात मऊ, तिची वात कधी तुटली नाही. आता हे खरं, की झाड गेलं म्हणून तिला तसं वाटतंय, देव जाणे. चौघींपैकी कोणाचं पान जुळलं तर ते घर. कोणाचंच जुळलं नाही तर ते शेवंतीकाकीचं, आणि मग ते आता फक्त तुझ्याकडे आहे. मला एवढंच समजतं. तुझ्या सरांना तू माझ्याबद्दल सांगितलं होतंस, आमच्या गावचा आहे, खात्रीचा आहे. त्या सरांना आता काय वाटेल, कमिटी काय करेल, तुझं काम वर्षभर मागे जाईल की बुडेलच, मला काही कळत नाही आणि विचारायची हिंमतही नाही.

सहीचा फॉर्म मी पाठवत नाहीये. खरं सांगतो, सकाळपर्यंत पाठवणारच होतो. पाकिटांचं सांगितलं तर तू रागावशील, कदाचित पुढे बोलणारही नाहीस, हे सगळं मोजून झालं होतं आणि पाकीटही चिकटवलं होतं. पण काल निघताना शेवंतीकाकी मोरीच्या भिंतीला हात लावून उभी होती. मी बाटल्यांचं, मखमलीवरच्या धाग्याचं सांगितलेलं तिने सगळं ऐकून घेतलं होतं, आणि तिने एकच विचारलं, “माझो कापूस थंय जितो आसा काय रे?” मी म्हटलं, जिवंत आहे का ते विचारून सांगतो. तर ते विचारायला हे पत्र आहे. तुला हे विचारायचं तर पाकिटांचं आधी सांगणं भाग होतं, नाहीतर तू म्हणाली असतीस, कोण शेवंती? चार पुडकी ताडून बघ आणि जे असेल ते लिही, मला लिहू नये वाटलं तर थेट तिलाच लिही. पत्त्यावर फक्त शेवंती, देऊळवाडी, तारकर्ली एवढं पुरे. तिला वाचता येतं.

तू म्हणशील तोवर तुझाच,
मंगेश