नाव न घेता येणारा साबण

मु. खारवाडी, पो. डोंबिवली
संक्रांतीनंतरचा मंगळवार

चिरंजीव हरिहर यास ठमामावशीने डोक्यावरून हात फिरवला असे समजावे. इकडे आम्ही सगळी उभी आहोत, फक्त माझा डावा गुडघा बसलेला आहे. तुझ्या काकांना ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोबर येतं. तुझी, सरोजची आणि तुझ्या पोटाची खुशाली कळवावी (पोटाची आधी, मागच्या पत्रात ते बिघडलेलं होतं). मी सांगते आणि सून वासंती लिहिते. ती कल्याणच्या शाळेत चार बुकं शिकलेली, त्यामुळे माझं बोलणं धुऊन वाळवून कागदावर घालते. शिव्या गाळते. त्या तू आपल्या जागी समजून घे.

तुझं पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. आपल्या खाडीकाठच्या आठ गावांत कंपनीचा नवा साबण होळीपर्यंत खपला नाही तर तुझी नोकरी राहत नाही, हे ऐकून मला भाकर गिळेना (गिळली, पण एकच). तुझ्या आईने मिठागरात डोक्यावर पाट्या वाहून तुला मॅट्रिक केलं, ते काय फेसात वाहून जायला? म्हणून तुझे साहेब इकडे आले त्या दिवसाचं सगळं सांगते. तू तेव्हा ठाण्यात होतास, आणि त्यांनी तुला सांगितलं असेल ते त्यांना कळलं तेवढंच.

आधी एक ध्यानात घे, मी कंपनीला हसत नाही. दिवाळीत तू मला तो कारखाना दाखवलास तेव्हापासून मी जरा गप्पच असते (वासंती मान हलवते आहे, तू तिकडे लक्ष देऊ नकोस). आपल्या गावतळ्याएवढी कढई, तिच्यात साबण रटरटतोय आणि ढवळायला माणूस नाही. एका टोकाने तेल आत जातं आणि दुसऱ्या टोकाने वडी कागद नेसून बाहेर येते. तिकडे मोहने गावच्या कारखान्यात लाकडाचं रेशीम करतात म्हणतात, तेही मी आता खरं मानते.

तर साहेब आले तिघे. मोटार बांधाशी रुतली, ती आमच्या बैलांनी ओढून काढली. मग त्यांनी ओट्यावर नकाशा पसरला. त्यात खाडी, रूळ, आठही गावं, आणि प्रत्येक गावाच्या डोक्यात एकेक टाचणी. मी बावन्न वर्षं इथे नांदते, पण आपलं गाव वरून देवाला कसं दिसत असेल ते त्या दिवशी पाहिलं. मोठ्या साहेबाला सगळं पाठ. भिवंडीत कुठल्या महिन्यात माणसं जास्त धुतात, शहाडला मोठी वडी जाते की लहान. एवढी विचारपूस माझ्या माहेरच्यांनी कधी केलेली नाही. आमच्याकडे साबण का जात नाही याची त्यांनी कारणंही काढलेली. पाणी खारट आहे, म्हणून विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. वास उग्र असेल, म्हणून आम्हाला ओळीने हुंगायला लावलं. दुसऱ्या कंपनीने वाण्याला फितवलं असेल, म्हणून काळुराम वाण्याची उलटतपासणी केली. त्याआधी बँडबाजा झाला, भिंती रंगवून झाल्या, घरोघर फुकट वड्या वाटून झाल्या (आम्ही पुढच्या दाराने घेतली, मग मागच्या दाराने). सगळ्यांनी वाखाणली. आणि दुकानात मात्र फळी भरलेली ती भरलेलीच.

शेवटी साहेबाने मलाच विचारलं, आजी, साबण आवडला ना? म्हटलं, आवडला. मग दुकानात मागत का नाही? मी पदर पुढे ओढला. शेजारच्या शेवंतीला विचारलं, तिने ओढला. तुळसा तर आत पळाली. साहेबाने वहीत लिहिलं, ते वासंतीने मागून वाचलं. या भागातल्या बायकांना आंघोळीची लाज वाटते, असं.

अरे बाबा, त्या साबणाला तुम्ही नाव काय ठेवलंत ते आठव. मला ते घेता येत नाही आणि वासंतीला लिहिता येत नाही, तिचा तो सासरा लागतो. गावदेवाचं नाव ठेवलं तर बायका भक्तिभावाने घेतील, असं कुणीतरी मोठ्या डोक्याने ठरवलं असणार. पण आठही गावांचा देव तोच, म्हणून घरटी एक पुरुष त्याच नावाचा. माझा नवरा, शेवंतीचा सासरा, तुळसाचा थोरला दीर. बाईने दुकानात जाऊन नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि वर दोन द्या म्हणायचं?

शेवंतीने एकदा धीर केला. म्हणाली, आमच्या मामंजींचा द्या. काळुरामने मामंजींची नेहमीची तपकीर बांधून दिली. पाटलांची नवी सून हुशार, तिने नवऱ्याच्या नावाचा उखाणाच घेतला. दुकान खूश झालं. मग काळुराम म्हणाला, मोठी वडी का लहान, आणि तुमचा उखाणा छान होता, परत घ्या. ती आता डोंबिवलीहून दुसराच पिवळा साबण आणते. तू पुरुष, नाव घेताना तुझी जीभ कधी अडली नाही, म्हणून तुझ्याही डोक्यात आलं नाही. साहेबांना मी सांगितलं असतं, पण तीन परके पुरुष समोर आणि ज्यांचं नाव ते शेजारी बसलेले.

आता उपाय ऐक. वडीच्या कागदावर मिठागरातला बगळा छापा. बाई जाईल, बगळा द्या म्हणेल आणि ताठ मानेने घरी येईल. बगळा कुणाचा नवरा नाही, मी आठही गावांत चौकशी केली आहे. हे साहेबाला तू स्वतःच्या डोक्यातून निघालं असं सांग. नोकरी तुझी, मला काय करायची आहे.

सरोजला गूळ कमी खाऊ दे. कळावे, लोभ आहेच, तो धुतला जात नाही.

तुझी मावशी ठमाबाई
(अंगठा माझा, शाई वासंतीची)

ता. क. नावच बदला असं मी सांगणार होते, पण ते तुझ्या काकांना बरोबर ऐकू आलं. ते रोज काळुरामच्या दुकानात जाऊन फळीसमोर उभे राहतात. तलाठ्याच्या कागदावर त्यांचं नाव होतं, पण ते हाताने लिहिलेलं. छापलेलं, तेही सोनेरी, या वयात पहिल्यांदाच. तेव्हा नाव राहू दे.

आणखी एक ता. क. माझी फुकटची वडी मी वापरलेली नाही, कागदासकट फडताळात आहे. त्यातलं पहिलं अक्षर कुठलं आणि दुसरं कुठलं ते वासंतीने बोट ठेवून दाखवलं, तोंडाने नाही. दोनच आहेत. आता भिंतीवर असोत की पत्र्यावर, मला लांबून ओळखू येतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही एवढंच मला सांगितलेलं आहे, वाचायचं नाही असं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून साहेबाला म्हणावं, बगळा त्या अक्षरांवर बसवू नका. जरा बाजूला उभा करा.