पंच्यातले तीळ

रविवार, संध्याकाळ

हात तेलकट आहेत, पानाला डाग पडणार. पडू दे.

पार्किंगमध्ये पिंपावर ह्यांचा जुना पंचा बांधून तेल गाळत होते. सोसायटीचे चेअरमन आले. "अहो ताई, आपली गाडी आहे की भज्यांचं दुकान? धुराला तळणाचा वास येतो. उद्या हे पिंप इथं दिसता कामा नये. डिझेल परवडत नसेल तर गाडी विका."

परवडतं हो! पण दिवाळीचं तळणीचं तेल लोक मोरीत ओततात, ते बघवत नाही. म्हणून मागून आणते, निवळू देते, गाळते, डिझेलमध्ये मिसळते. गाडी एकदाही अडलेली नाही.

तरी मी गप्प का बसले? पंच्यात तीळ आणि ओवा अडकले होते म्हणून. चकल्यांचं ते तेल चेअरमनांच्याच घरचं. त्यांच्या बायकोनं गुपचूप दिलेलं. तिचं नाव सांगायचं नाही. पण पिंप हलणार नाही म्हणजे नाही.

आत्ताच ती येऊन गेली, तेलाचा दुसरा डबा घेऊन. म्हणाली, "उद्या मंडईत तुमच्या गाडीनं जाऊ. मी पुढे बसणार. आणि निघताना आमच्या खिडकीखाली जरा हॉर्न वाजवा."