हाकेला ओ

४ मे, जांभळेघर

पेपरांचे गठ्ठे शाळेत टाकले आणि आज मी सुटले! सांगलीहून सातारा, तिथून मेढ्याची एसटी. स्टँडवर क्रांती उभीच होती. डी.एड.ला होस्टेलच्या एका खोलीत दोन वर्षं काढली आम्ही, एका ताटात जेवलो. लग्न होऊन ती इकडं आली तेव्हापासून ‘ये की एकदा’ चालू होतं. यंदा तर होळीपासून दर आठवड्याला फोन. जीपनं धरणाच्या काठावर आलो आणि आकाराम म्हणून एक जण आहे, त्याच्या लाँचमधून पलीकडं. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये निळं पाणी.

घरी तिचे सासूसासरे, साळूबाईकाकू आणि आप्पासोकाका, आणि तिची दोन वर्षांची लेक अंकिता. नवरा इंद्रजित फौजेत, जम्मूकडं. काकूंनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवायला तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, नंतर द्रोणभर करवंदं. रेंज फक्त वर खिंडीत मिळते म्हणे. बरंच झालं. सुट्टी संपेपर्यंत कुणाचा फोन नको.

६ मे

सकाळी काठाला पाय सोडून बसले, दुपारी फणसाखाली झोपले. इतकी निवांत कधी झोपले होते आठवत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं गाव उघडं पडतं. जोती, एक उंबरा, देवळाची दीपमाळ. धरण झालं तेव्हा सगळे वर सरकले, असं काकांनी सांगितलं. खाली आता कोण असतं, असं मी गमतीनं विचारलं. ते तंबाखू मळत राहिले.

माझे सगळे कपडे क्रांतीनं धुवायला काढले आणि तिची साडी नेसवली. काकूंनी हिरव्या बांगड्या भरल्या. चहा देताना त्या मला ‘क्रांती’ म्हणाल्या. म्हातारीचं वय झालं. आम्ही दोघी हसलो.

८ मे

आज आकारामही मला क्रांतीवैनी म्हणाला. दुकानदार म्हणाला. पाण्यावर भेटलेल्या दोन बायका म्हणाल्या. आधी वाटलं, साडी ओळखीची म्हणून. मी चूक सुधारली की ऐकून घेतात आणि परत तेच नाव घेतात. शेवटी कंटाळून मीच ‘ओ’ म्हणायला लागले. क्रांतीला सांगितलं तर म्हणाली, गावची थट्टा गं, मनावर घेऊ नकोस.

ती स्वतः मात्र चार दिवसांत उंबऱ्याबाहेर आलेली नाही. आणि घरात तिला कुणीच नावानं हाक मारत नाही. माझे कपडे अजून वाळलेले नाहीत म्हणते. मे महिन्यात.

१० मे

दुपारी धुणं धूत होते. पाण्याकडून बाईची हाक आली, ‘क्रांतीऽऽ’. लांबून, पण अगदी मायेनं, आई जेवायला बोलावते तशी. वर पाहिलं. सगळा काठ मोकळा. लाँचही पलीकडं होती.

घरी येऊन क्रांतीला म्हटलं, तुला कुणीतरी हाक मारत होतं. पीठ मळता मळता तिचा हात थांबला. मी ओ दिली का, एवढंच विचारलं तिनं. नाही म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. घाबरून नव्हे. तो चेहरा मला ठाऊक आहे. परीक्षेत नंबर हुकला की असाच व्हायचा.

११ मे

संध्याकाळी अंकिता मला ‘आई’ म्हणाली. काकू तिला शिकवत होत्या. माझ्याकडं बोट दाखवून, पुन्हा पुन्हा. क्रांती चुलीपाशी पाठ करून बसली होती. वळली नाही.

१२ मे

सगळं कळलं. लिहून ठेवते.

विहिरीवर शेजारची हरणाबाई भेटली. तिची सून गेल्या उन्हाळ्यात बुडाली, असं काकूंकडून ऐकलं होतं. ती बुडाली नाही म्हणे. तिला हाक आली. ‘खालची घरं रिकामी हायेत,’ हरणाबाई म्हणाली, ‘पाणी उतारलं की ती सुना मागत्यात.’ होळीला क्रांतीच्या नावाची हाक आली. जिच्या नावाची आली तिनं जायचं. नाहीतर त्या नावाला दुसऱ्या कुणी ओ द्यायची.

मी म्हटलं, मी क्रांती नाही, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

‘म्हाईत हाय, बाय. पर आमी क्रांतीच म्हननार. आज तिची पाळी, उद्या आमच्या पोरींची.’

तशीच घरी आले. क्रांतीला दंडाला धरून विचारलं. वाटलं, हसेल. होस्टेलवर हसायची तशी.

ती म्हणाली, ‘मला पोर आहे, प्रांजल. तुझ्यामागं कोण आहे?’

एवढंच. रडलीसुद्धा नाही. मग अंकिताला कडेवर घेऊन आत गेली.

माझ्या आईच्या तेराव्याला हीच माझ्याशेजारी बसली होती. माझ्यामागं कुणी नाही, हे तिला मीच सांगितलं होतं, तिच्याच मांडीवर डोकं ठेवून.

१३ मे

आकाराम लाँच काढेना. इंजिन बिघडलंय म्हणाला, मान खाली घालून.

मग पायवाटेनं खिंडीकडं निघाले. कुणी अडवलं नाही. अडवायची गरज नव्हती, हे आता कळतंय. वर मोबाइलला एक काडी आली. पोलिसांना फोन लावत होते. मागून हाक — क्रांतीऽऽ —

मी वळले. आठवडाभर सगळं गाव हाक मारतंय आणि मी वळतेय. तोंडातून निघून गेलं.

ओ.

पुढचं नीट आठवत नाही. पाय उताराला लागले. चप्पल कुठं गेली —

घरी काकूंनी पाय धुतले माझे. कुंकू लावलं. डोळ्याला पदर लावला. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. तेच सगळ्यात वाईट.

१४ मे

क्रांतीनं माझा पंजाबी ड्रेस घातलाय. वाळलेला. इस्त्री केलेला. ती अंगणात बसली आहे, मोकळी. काका तिला प्रांजल म्हणतात. ती ओ देते.

मी म्हटलं, ते माझं आहे. ड्रेस म्हणायचं होतं की नाव —

अंकिता मला बिलगते. आई, आई.

१५ मे

काठावर. दीपमाळेपर्यंत चालत जाता येतं आता. कुणी आणलं मला इथं? साडी गुडघ्यापर्यंत ओली.

वर सगळे उभे. बाया, बाप्ये. हरणाबाईनं हात जोडले.

विसरू नये म्हणून मोठ्यानं नाव घेतलं. माझं. प्रांजल. प्रांजल.

वरून, गर्दीतून, क्रांतीनं ओ दिली.

उंबऱ्यात कुणीतरी उभं आहे. खालच्या जुन्या घराच्या. हरणाबाईची सून असेल. हात पुढं करतेय, ये म्हणते —

आता हाक आली की तोंड दाबून धरायचं. दोन्ही हातांनी. वही खाली ठेवून दोन्ही हातांनी दाबून —

क्रांतीऽऽ

मी नाही, मी ती नाही, मी —